हॅट, कोट अन् पहिली धार

प्रोहिबिशनच्या काळातला गँगस्टर पडद्यावर आला की आधी काय दिसतं? बंदूक नाही. दारूही नाही. बॉस, आधी दिसते हॅट! मग ओव्हरकोटची कॉलर, मग ओल्या रस्त्यावर चमकणारे बूट आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, माणूस. तो कोण आहे, चांगला की वाईट, हे कळायच्या आत आपण त्याच्या प्रेमात पडलेलो असतो.

मी तर पार बुडालेला आहे. कुणाला क्रिकेट लागतं, कुणाला ट्रेकिंग, मला शिकागो लागतं. शुक्रवारी रात्री ऑफिसातून आलो, पिझ्झा मागवला, की पुढचे दोन तास १९३० साल. एकच सिनेमा सात-आठ वेळा बघितल्यावर रूममेटने एकदा वैतागून विचारलं, ‘‘अरे, शेवट माहितीये ना तुला?’’ शेवटासाठी कोण बघतंय राव!

‘द अनटचेबल्स’ घ्या. १९८७ चा सिनेमा, दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा. केव्हिन कॉस्टनर कायद्याचा माणूस, रॉबर्ट डी नीरो अल कपोन आणि शॉन कॉनरी म्हातारा, खडूस पोलीस. कॉनरीला याच रोलसाठी ऑस्कर मिळालं. कपडे अर्मानीचे, संगीत एनिओ मोरिकोनेचं. पहिलाच शॉट वरून घेतलेला. कपोन न्हाव्याच्या खुर्चीत राजासारखा पहुडलाय, भोवती पत्रकार, आणि न्हाव्याचा वस्तरा त्याच्या गालाला जरासा लागतो. एक थेंब रक्त. सगळे गार! डी नीरोने म्हणे या रोलसाठी आतले कपडेसुद्धा खऱ्या कपोनच्या पसंतीचे, रेशमी घातले होते. ते पडद्यावर कुणाला दिसणार नव्हते. पण त्याला माहीत होते, आणि तो खुर्चीत ज्या पद्धतीने बसलाय ते बघितलं की खर्च वसूल झाल्यासारखा वाटतो.

किंवा कोएन बंधूंचा ‘मिलर्स क्रॉसिंग’ (१९९०). जंगलात वाऱ्याने एक हॅट उडत उडत जाते, बस्स. त्या एका शॉटसाठी मी हार्डडिस्क तीनदा रिकव्हर केलीय. किंवा ‘रोड टू पर्डिशन’ (२००२), त्यातला पावसातला गोळीबार. आवाज बंद, फक्त संगीत, अंधारातून बंदुकीच्या जाळाचे ठिपके आणि पॉल न्यूमन पाठमोरा उभा. कॅमेरामन कॉनराड हॉल जानेवारी २००३ मध्ये गेला आणि दोन महिन्यांनी त्याला या सिनेमाचं ऑस्कर मिळालं. (‘पब्लिक एनिमीज’ला मी या यादीत घेत नाही. एक तर त्यातला डिलिंजर दारूबंदी उठता उठता गाजला, आणि दुसरं म्हणजे तो सिनेमा एखाद्याच्या लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. भांडायचं असेल तर भांडा.)

आता मुद्द्याचं. हे सगळं आवडतं ते का? हाणामारी आवडते म्हणून? हाणामारी कुठेही मिळते. माझं म्हणणं असं की, हे सिनेमे मुळात गुन्ह्याचे नाहीतच. ते शिंप्याचे आहेत.

हसू नका. अगदी सुरुवातीचे तीन सिनेमे काढून बघा. ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ १९३१ चे, ‘स्कारफेस’ १९३२ चा. अमेरिकेतली दारूबंदी तेव्हा अजून चालू होती. ती १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. म्हणजे हे सिनेमे आठवणीतून काढलेले नाहीत, त्या दिवसांतच काढलेले आहेत. आणि तिन्हींमध्ये हाणामारीइतकाच लक्षात राहणारा सीन कपड्यांचा आहे! ‘लिटल सीझर’मधला रिको पहिल्यांदा टक्सिडो चढवतो आणि आरशासमोर उभा राहतो. ‘पब्लिक एनिमी’मधल्या जेम्स कॅग्नीचं शिंप्याकडे माप घेतलं जातं. ‘स्कारफेस’मधला टोनी पोरीवर इम्प्रेशन मारायला तिला शर्टांचा ढीग दाखवतो. कुठल्यातरी कोपऱ्यातून आलेली, इंग्रजी नीट न बोलणारी, शाळा सोडलेली पोरं. शहर त्यांना आत घेत नाही. मग ती सूट शिवतात, आणि दार उघडतं.

हे मला कळायला फार पुस्तकं वाचावी लागली नाहीत. मी राजूरचा आहे.

राजूर म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. भंडारदऱ्याला जाताना गाडी थांबवून पेढे घेता ना, तेच ते. अकोले तालुका, पूर्वीचा नगर आणि आता अहिल्यानगर जिल्हा. मे-जूनमध्ये काजवे बघायला येणारी जनता आमच्याच रस्त्याने जाते, कळसूबाई चढणारी बरीचशी आमच्याच रस्त्याने जाते आणि रंधा धबधब्यावर सेल्फी काढून आमच्याच रस्त्याने परत येते. आमचं स्वतःचं ग्लॅमर म्हणाल तर डांगी जनावरांचं प्रदर्शन. तिथले बैल खरंच स्टायलिश असतात, अंगावर तेल लावल्यासारखी चमक. माणसांचं तसं काही नाही.

पण दारूबंदीच्या बाबतीत मात्र आम्ही शिकागोला ऐकत नाही!

गंमत बघा. अमेरिकेची दारूबंदी तेरा वर्षांत, चौदाव्यात पडता पडता आटोपली. आपला ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ १९४९ चा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते, आणि आमचा जिल्हा त्याच राज्यात. म्हणजे भेंडीबाजार आणि राजूर एकाच कायद्याखाली आले. साठच्या दशकात सरकारने दोर सैल सोडला, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, पुढे कायद्याच्या नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं. पण ‘दारूबंदी’ हा शब्द आजही तिथेच आहे. आजही या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा थेट आजीवन. हायवेवर ‘परमिट रूम’ अशी पाटी बघता ना? ते परमिट तुमचं. तुमच्याकडे नसेल, तर शनिवारी रात्री तुम्हीही थोडेसे अल कपोन असता. टेक्निकली बोलायचं तर आपण सगळे अजून प्रोहिबिशनच्या काळातच राहतो, फक्त हॅट नाही.

राजूरचं त्याहून एक पाऊल पुढे. गावात दारूबंदी आहे, आणि गावात दारू मिळते. ही दोन्ही वाक्यं आमच्याकडे एका दमात बोलतात, कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. ‘अवैध दारू पकडली’ ही जिल्ह्याच्या पानावरची बातमी मी शाळेत असल्यापासून वाचतोय. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान घेऊन दुकानं बंद पाडली. दुकान बंद पडतं, तहान कुठे बंद पडते?

हल्ली पुण्या-मुंबईत ‘स्पीकईझी’ म्हणून बार निघालेत. पुस्तकांचं कपाट ढकलायचं, की आत बार. पासवर्ड काय, मंद दिवे काय, वेटरला सस्पेंडर काय! पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हसूच आवरेना. छुपं दार आमच्याकडे पहिल्यापासून आहे, फक्त ते शेळ्यांच्या गोठ्याचं असतं. आत सॅक्सोफोन नसतो. काळा गूळ आणि नवसागर टाकून आंबवलेल्या रसायनाचा वास असतो, जो नाकातून दोन दिवस जात नाही. माल येतो तो मोटारीच्या ट्यूबमधून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीतून. ‘पहिल्या धारेची’ हा त्यातला प्रीमियम ब्रँड. आणि विकणारा हॅटवाला नसतो. पुष्कळदा तर ती एखादी बाईच असते, कडेवर पोर घेतलेली. मुंबईतही एके काळी ‘आंटीचा अड्डा’ म्हणत, तो काही उगाच नाही.

एवढं असूनही पडद्यावरचा दारूचा ट्रक बघून माझं काळीज धडधडतं, आणि नाकाला वास येत नाही. हेच तर कौशल्य आहे या सिनेमांचं! त्यातली दारू म्हणजे दारू नसतेच. पिंपं असतात, पेट्या असतात, काचेचा खळ्ळकन आवाज असतो. ती ट्रकमधून येते, फोडली जाते, तिच्यावरून माणसं मरतात. ती पोटात कुणाच्याच जात नाही.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकीच्या आलं.

दोन-तीन दिवाळ्यांपूर्वी गावी गेलो होतो. टीव्हीला स्टिक लावली होती, घरातले सगळे जेवून आडवे झाले होते, मी आवाज बारीक करून ‘अनटचेबल्स’ लावला. काकी तांदूळ निवडत बसली होती. इंग्रजी तिला येत नाही, पण सिनेमा कळायला तिला भाषेची गरज कधी पडलीच नाही. मी मधूनमधून सांगत होतो, हा पोलीस, हा डॉन, ही दारू कॅनडातून आली. रेल्वे स्टेशनच्या पायऱ्यांवरून ती बाळाची गाडी घरंगळते, तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं आणि श्वास रोखून बघितलं. (तो सीन १९२५ च्या एका रशियन सिनेमावरून उचललाय, हे सांगायला तोंड उघडलं तर ‘‘गप रं!’’ म्हणाली.) सगळं झाल्यावर मला विचारते, ‘‘आरं, ही येवढी दारू पितंय तरी कोन?’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे?’’

‘‘इकनारं दाखवलं, पकडनारं दाखवलं. पिनाऱ्याचं घर कुठंय यात?’’

खरंच, कुठंय? पिणाऱ्याचं घर दाखवलं की सिनेमाचा सूट उतरतो. मग तो गँगस्टरपट राहत नाही, आर्ट फिल्म होते, आणि आर्ट फिल्मला शुक्रवारी रात्री पिझ्झा मागवून कोण बसतं?

काकीने विचारलं ते सिनेमाचं समीक्षण म्हणून नव्हे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझा चुलता राजूर-अकोले जीप चालवायचा. आमच्या खानदानातला सगळ्यात टापटीप माणूस. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. केसाला तेल, खिशाला पेन, जे त्याने कधी वापरलेलं कुणी बघितलं नाही. पोरं त्याच्या जीपमध्ये पुढची सीट मिळावी म्हणून भांडायची, मीही. मग पिणं सुरू झालं. दारू माणसाला संपवते वगैरे आपण वाचतो, पण ती क्रमाने संपवते आणि सुरुवात कपड्यांपासून करते. आधी इस्त्री गेली. मग एक बटण गेलं ते परत लागलंच नाही. मग चपला. मग घड्याळ, मग जीप. सिनेमात माणूस एकेक कपडा चढवत वर जातो, आमच्याकडे एकेक उतरवत गेला. २००९ मध्ये काका वारला. कावीळ झाली होती असं सांगतात. आमच्याकडे चाळिशीच्या आतले पुष्कळ पुरुष कावीळ होऊन जातात.

एक कोट मात्र राहिला. लग्नातला, चॉकलेटी रंगाचा. तो राहिला कारण काकीने तो भाताच्या कणगीत खोल खुपसून ठेवला होता. शिकागोत लोक दारू लपवत होते, आमच्या घरात कोट लपवला जात होता. काकाने विचारलं असणार, शोधलाही असणार. तो तिने दिला नाही.

२०१४ मध्ये मला पुण्यात कॅम्पस इंटरव्ह्यू आला. ‘फॉर्मल्स कंपल्सरी’ अशी नोटीस. हॉस्टेलवरची पोरं मॉलमध्ये जाऊन ब्लेझर घेत होती, मी घरी फोनवर सहज बोलून गेलो. पुढच्या एसटीने मला गावी बोलावून घेतलं आणि काकीने कणगीत हात घातला. राजूरच्या टेलरने दोन तासांत खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या. काका माझ्यापेक्षा उंच होता, हे मला तेव्हा कळलं. लहानपणी सगळेच उंच वाटतात.

कोटाला भाताचा वास येत होता. एसी हॉलमध्ये, टाय लावलेल्या तिघांसमोर बसून मी ‘टीम प्लेयर’ वगैरे बोलत होतो आणि मनात ‘लिटल सीझर’चा आरसा चालू होता. फॅशनच्या दृष्टीने तो कोट हास्यास्पद होता, दोन दशकांपूर्वीचे लॅपल, एवढे रुंद. पण राव, पाठ सरळ होते कोटात! आपण आहोत त्यापेक्षा जरा जास्त आहोत, असं समोरच्याला वाटावं इतपत. या सिनेमांचं अपील मला कुणी विचारलं तर मी थीम, मिथक वगैरे बोलत नाही. मी म्हणतो, तुमचा पहिला इंटरव्ह्यू आठवा.

नोकरी लागली. त्यानंतरच्या वर्षी, मे २०१५ मध्ये, अनुराग कश्यपचा ‘बॉम्बे वेल्व्हेट’ आला. आपल्याच मुंबईतला, आपल्याच दारूबंदीच्या काळातला जॅझ, क्लब, सूट आणि मशीनगन! माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. पहिल्या शनिवारी गेलो तर मल्टिप्लेक्समध्ये आम्ही नऊ जण, त्यातले दोघं एसीसाठी आलेले. जुनी मुंबई श्रीलंकेत सेट लावून उभी केलेली, ज्ञान प्रकाश यांच्या ‘मुंबई फेबल्स’चा आधार, आणि सिनेमा धाडकन आपटला. लोक म्हणाले, इकडे असले गँगस्टर नव्हतेच. बरोबर आहे. आपला भाई सूट घालत नाही. आपला भाई कसा दिसतो ते २०१८ मध्ये प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’ने दाखवलं आणि पब्लिकने डोक्यावर घेतलं. पण मला ‘बॉम्बे वेल्व्हेट’ आजही आवडतो, कारण त्यातला जॉनी बलराज थिएटरात बसून जेम्स कॅग्नीचा ‘द रोअरिंग ट्वेन्टीज’ बघतो आणि ठरवून टाकतो, आपल्याला हेच व्हायचंय. तो सीन खोटा म्हणूच शकत नाही मी. तो मी हॉस्टेलवर लॅपटॉपसमोर केलेला आहे.

फक्त जॉनी एक गोष्ट लक्षात घेत नाही. ‘रोअरिंग ट्वेन्टीज’ १९३९ चा, राऊल वॉल्शचा. पहिलं महायुद्ध लढून आलेला एडी बार्टलेट, त्याला जुनी नोकरी परत मिळत नाही. तो टॅक्सी चालवायला लागतो आणि टॅक्सीतून दारू पोचवायला लागतो. सुरुवातीला स्वतः दारूला शिवतही नाही. मग पैसा, सूट, टॅक्स्यांचा ताफा. मग १९२९ चा शेअर बाजार कोसळतो, ताफा जातो, एकच टॅक्सी उरते, आणि एडी पिऊ लागतो. शेवटाकडचा कॅग्नी ओळखू येत नाही. चुरगळलेले कपडे, दाढीचे खुंट, स्टिअरिंगवर वाकलेला. ज्या कॅग्नीचं ‘पब्लिक एनिमी’त शिंपी माप घेत होता, तोच हा. काकीला हवं असलेलं पिणाऱ्याचं घर हॉलिवूडने एकदा का होईना दाखवलं होतं, आणि तेही विकणाऱ्याच्याच आत. कायद्याच्या बाजूचीही तीच गत. खरा एलियट नेस, ज्याच्यावर ‘अनटचेबल्स’ बेतला, तो आयुष्याच्या उत्तरार्धात भरपूर प्यायचा आणि १९५७ मध्ये गेला तेव्हा कर्जात होता. अर्मानीच्या सिनेमात हे कसं बसणार?

गेल्या दिवाळीत काकीने स्वतःहून विचारलं, ‘‘त्या टोपीवाल्यांचं काई आनलंय का?’’ शॉन कॉनरी तिला फार आवडला होता. म्हाताऱ्याला उगं मारला, असं तिचं ठाम मत आहे. मी जरा विचार केला आणि ‘रोअरिंग ट्वेन्टीज’ लावला. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून सुरुवातीला कुरकुरली, मग रमली. कॅग्नीचा सूट बघून ‘‘बेस हाय’’ म्हणाली. त्याचा मित्र दगाबाज आहे हे तिने माझ्याआधी ओळखलं.

टॅक्सीत वाकून बसलेला, दाढी वाढलेला कॅग्नी आला, तसं ती ‘‘चहा टाकते’’ म्हणून उठली. रात्रीचे अकरा वाजले होते. मी सिनेमा थांबवला नाही, तिनेही थांबव म्हटलं नाही. आतून भांड्याचा आवाज येत राहिला. ती कप घेऊन आली तेव्हा तो चर्चच्या पायऱ्यांवर पडला होता.

‘‘मेला का?’’

‘‘हो.’’

‘‘घरच्यांनी कावीळच सांगितली आसंल.’’

‘‘गोळी लागली त्याला, काकी.’’

‘‘हां,’’ ती म्हणाली आणि चहा माझ्या हातात दिला.